स्वस्त माउंटन बाईक खडकाळ वाटेवर नेण्याआधी हे वाचा (तुमचेही अनुभव लिहा)

उतारवाट

नमस्कार मंडळी. डावा हात गळ्यात आहे, एका हाताने टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी एक स्वस्तातली माउंटन बाईक घेतली. जाड खाचांचे टायर, पुढे सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर. दिसायला अशी की येणारेजाणारे थांबून विचारायचे. आठ महिने डांबरी रस्त्यावर चालवली आणि एकदाही तक्रार करावी लागली नाही. म्हणून वाटलं, आता जिच्यासाठी ही बनवली आहे तिथे नेऊ.

सोबत दोन मित्र होते, दोघेही सरावलेले. चढ कसाबसा चढलो, सायकल जड आहे. उतार सुरू झाला तो सैल दगडांचा, मधूनमधून मोठे खडक. पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की पुढचं चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त आहे. निम्म्या वाटेवर मागच्या ब्रेकची लिव्हर ग्रिपला टेकायला लागली. पूर्ण दाबली तरी चाक फिरतंच. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर. एका वळणावर तोही पोकळ लागला, घाबरून आणखी जोरात ओढला, तेवढ्यात चाक दोन खडकांच्या मध्ये अडकलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. कॉलरबोन मोडलं. हेल्मेटला मागच्या बाजूला आरपार भेग आहे. ते हेल्मेट मी ठेवून दिलंय, फेकवत नाही.

घरी आल्यावर भावाने सायकल धुतली. पेडलच्या वर, फ्रेमच्या आतल्या बाजूला एक छोटा स्टिकर निघाला. त्यावर लिहिलंय की ही सायकल ऑफ-रोड वापरासाठी नाही. माउंटन बाईक म्हणून घेतलेल्या सायकलवर!

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ब्रेक असे अचानक का गेले? या सायकलींमध्ये आणखी काय काय असं दगा देतं? आणि आता या सायकलीचं करायचं काय?

डोंगरवेडी

बापरे. आधी लवकर बरे व्हा. हाड जुळलं तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हँडल धरू नका. मी घाई केली होती, दुखणं दुप्पट लांबलं.

पुढचं चाक हवेत राहण्याबद्दल सांगते, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. चांगल्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, पुढचं सस्पेन्शन त्यातच असतं) स्प्रिंगबरोबर डॅम्पर असतो. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा तिथे जिरते. स्वस्त फोर्कमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. खडकावर आपटली की दबते आणि घेतलेलं सगळं लगेच परत देते, म्हणजे चाक वर फेकते. एकटा दगड असेल तर चालून जातं. दगडांमागून दगड असतील तर पहिल्या दगडाने फेकलेलं चाक खाली यायच्या आत दुसरा दगड आलेला असतो. हवेतलं चाक वळत नाही आणि ब्रेकही धरत नाही. तुम्ही ब्रेक दाबत होतात त्यातला निम्मा वेळ टायर जमिनीवर नव्हताच.

साधी परीक्षा: उभं राहून पुढचा ब्रेक धरा, हँडलवर पूर्ण वजन टाकून फोर्क दाबा आणि झटकन सोडा. फोर्क ताडकन वर आला आणि चाक जमिनीवरून उडालं, तर आत डॅम्पर नाही किंवा मेलेला आहे.

पाना१५

मी सायकलदुरुस्ती करतो, बावीस वर्षं झाली. ब्रेकचं सांगतो.

तुमच्या सायकलला केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असणार. डिस्कच्या दोन्ही बाजूंना तिला घासणारा एकेक पॅड असतो. स्वस्त प्रकारात एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. हलणारा पॅड डिस्कला किंचित वाकवतो आणि समोरच्या पॅडवर दाबतो. पॅड झिजला की त्याचं डिस्कपासूनचं अंतर वाढतं. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकून झीज भरून काढतो. केबलच्या ब्रेकमध्ये ते काम तुम्ही स्क्रू फिरवून करायचं असतं. आठ महिन्यांत एकदा तरी केलं होतं का? नसेल केलं तर दोष तुमचा नाही, कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात केबलचं आवरण पातळ असेल तर जोरात ओढल्यावर तेच दबतं. हाताचं बळ आवरण दाबण्यात खर्च होतं, डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. लिव्हर पत्र्याची किंवा प्लास्टिकची असली की ती वाकते ते वेगळंच.

रस्त्यावर हे कळलं कसं नाही? कारण रस्त्यावर ब्रेकवर भारच येत नाही. हिशोब करा. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरू. १० टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटरने जाताना तुम्ही दर सेकंदाला साधारण ०.८३ मीटर खाली येता. वेग वाढू द्यायचा नसेल तर सुमारे ८०० वॅट कुठेतरी जिरवावे लागतात. थोडे वाऱ्यात आणि टायरमध्ये जातात, बाकी सगळे त्या दोन पातळ डिस्कमध्ये. कपड्यांची इस्त्री साधारण तेवढीच वीज खाते. पाच मिनिटं चालू इस्त्री पॅडवर ठेवली तर पॅडचं काय होईल ते बघा. सैल दगडांचे उतार तर १० टक्क्यांपेक्षा खूप तीव्र असतात.

म्हणून ब्रेक "अचानक" गेले नाहीत. आठ महिने हळूहळू जात होते, उताराने ते एका दिवसात दाखवलं.

मुरूमवाट

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. सगळं खापर सायकलवर फोडणं मला पटत नाही. माउंटन बाईकिंग सुरू झालं तेच जुन्यापान्या जड सायकलींवर. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीत १९७६ साली रीपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली, त्यातल्या सायकली १९३०-४० च्या काळातल्या, सामान पोचवायच्या असतात तशा दणकट लोखंडी होत्या. ना सस्पेन्शन, ना डिस्क. मागे फक्त उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक. ती मंडळी उतरलीच ना? कौशल्य महत्त्वाचं. पहिल्याच वेळी असा उतार निवडायला नको होता.

डोंगरवेडी

@मुरूमवाट, पहिल्या वेळी सोपी वाट निवडावी हे शंभर टक्के मान्य. पण इतिहास पुढे वाचा. शर्यतीचं नाव रीपॅक का पडलं? सुमारे ३ किलोमीटरच्या उतारात सुमारे ४०० मीटर खाली यायचं. तेवढ्यात हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं, तेच ते रीपॅक. म्हणजे या खेळाची पहिली ओळखच ब्रेक पुरत नाहीत ही आहे. मग त्याच लोकांनी ड्रम ब्रेक लावले, मोटरसायकलच्या लिव्हर लावल्या, आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी क्रोमोलीची (एक मजबूत मिश्र पोलाद) फ्रेम बनवली. जुनी फ्रेम कायम पुरणार असती तर नवी कशाला बनवली असती?

आणखी एक. रीपॅकची वाट रुंद, कच्च्या रस्त्याची होती. आज आपण ज्याला खडकाळ ट्रेल म्हणतो, हातभर रुंद, पायऱ्यापायऱ्यांचा, तसा तो नव्हता.

मात्र तुमच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे: त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हतं. माझं ठाम मत आहे की त्याच पैशात खोटं सस्पेन्शन असलेल्या सायकलपेक्षा सस्पेन्शन नसलेली साधी सायकल जास्त सुरक्षित. फोर्कवर आणि मागच्या स्प्रिंगवर जे पैसे वाया जातात ते ब्रेकवर आणि चाकांवर लागतात, शिवाय वजन दोन-तीन किलोंनी उतरतं.

धातुविचार

धातूंचं शिक्षण झालंय म्हणून भर घालतो. "आणखी काय दगा देतं" याचं उत्तर देताना भाग दोन गटांत पाहावेत: मोडण्याआधी सांगणारे आणि न सांगणारे.

साधं पोलाद बहुतेक वेळा आधी वाकतं. चाक आउट होतं म्हणजे डुलत फिरतं, एक्सल (चाकाचा आस) वाकतो, पेडल तिरकं फिरायला लागतं. त्रास होतो, पण कळतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. पोलादात ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली कितीही वेळा भार दिला तरी साधारणपणे तडा सुरू होत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान धक्केसुद्धा साठत जातात. केसाएवढी भेग पडते, महिनोन्महिने वाढते, आणि उरलेला धातू भार पेलेनासा झाला की एका क्षणात तुटतं. हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीटपोस्ट, क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा), फ्रेमचे जोड, सगळ्यांना हे लागू.

त्यात वेल्डिंग. सायकलींमध्ये फार वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू वेल्ड केला की जोडाजवळची ताकद निम्म्याच्या आसपास येते. ती परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा कित्येक तास मंद तापमानावर ठेवावी लागते. हा टप्पा खर्चिक आहे. तो नीट झाला की नाही हे रंगावरून ओळखता येत नाही. जाड नळ्या वापरून कमतरता भरून काढता येते, आणि स्वस्त सायकल जड असण्याचं तेही एक कारण आहे. म्हणून "जड म्हणजे मजबूत" हे समीकरण मनातून काढा.

काय करता येईल: हँडलखालची पुढची आखूड नळी आणि तिला खालून येऊन मिळणारी तिरकी नळी, हा जोड दर मोठ्या फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसून बघा. रंगावर बारीक रेघ किंवा सुरकुती दिसली तर सायकल तिथेच थांबवा. रेघ रंगाची आहे की धातूची हे चालवून बघायचं नसतं.

नवाचेनवाला

वाचतोय. फार उपयोगी धागा. स्टिकरबद्दल विचारायचं होतं. माझ्या सायकलवर "ऑफ-रोड नाही" असं नाही, पण एका चौकोनात २ आकडा आहे. तो काय?

पाना१५

बरं झालं विचारलंत. अमेरिकेतलं एएसटीएम एफ२०४३ नावाचं वर्गीकरण आहे, बरेच उत्पादक ते आकडे फ्रेमवर किंवा माहितीपुस्तिकेत देतात. १ म्हणजे फक्त पक्का रस्ता, चाकं जमिनीवरून सुटता कामा नयेत. २ म्हणजे त्यात खडीचे आणि बऱ्यापैकी कच्चे रस्ते, उंचवट्यावरून खाली येणं १५ सेंटीमीटरपर्यंत. ३ म्हणजे खडबडीत ट्रेल, ६१ सेंटीमीटरपर्यंत. ४ ला १२२ सेंटीमीटरपर्यंत, ५ म्हणजे मोठ्या उड्या, डाउनहिल. तुमचा २ असेल तर १५ सेंटीमीटर लक्षात ठेवा, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी. खडकाळ ट्रेलवर प्रत्येक दुसरी पायरी त्याहून उंच असते.

आता बाकीचं, मागच्या वेळी ब्रेकवरच थांबलो होतो.

सगळ्यात जास्त मोडून येतो तो मागचा एक्सल. स्वस्त सायकलला हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या गिअरच्या चक्र्यांचा गठ्ठा असतो. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग हबच्या आत राहतं, गिअरचा अख्खा गठ्ठा त्याच्या बाहेर. म्हणजे बेअरिंग आणि फ्रेम यांच्यामध्ये एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय लोंबतो. जितके गिअर जास्त तितका तो तुकडा लांब. प्रत्येक आपटीत तिथेच वाकतो. चक्र्यांचा गठ्ठा (कॅसेट) हबवर सरकवून बसवतात त्या कॅसेटवाल्या हबमध्ये बेअरिंग पार बाहेरच्या टोकाशी असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. मागचं चाक फिरवा आणि एक्सलचं टोक बघा. ते गोल गोल डुलत असेल तर एक्सल वाकलाय.

दुसरं, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग. तो ज्या पट्टीवर लटकतो ती दगडाला लागून जरा आत वाकली, की सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन टाकल्यावर डिरेलर आऱ्यांत शिरतो. चाक जागेवर जाम. चढावर झालं तर नशीब, कारण वेग नसतो. पट्टी सरळ आहे का हे मागून बघून कळतं: डिरेलरच्या दोन्ही छोट्या चक्र्या चेनच्या रेषेत उभ्या हव्यात.

तिसरं, आणि माझ्या मते यानेच सर्वांत जास्त माणसं पडतात: सायकल जुळवणी. डब्यातून आलेली सायकल कुणीतरी घाईत जोडलेली असते. क्रँकचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) मागतो, तो हाताने आवळलेला. आऱ्यांचा ताण एकसारखा नाही, म्हणून सैल आरे मानेपाशी एकेक करत तुटतात. हँडल स्टेममध्ये फिरतं. सीटपोस्ट किमान खुणेच्या वर उपसलेला. यातलं काहीही महाग नाही. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण ते कुणीतरी करायला हवं.

मुरूमवाट

@डोंगरवेडी, ग्रीसचा किस्सा माहीत नव्हता, आभार. माझा मुद्दा थोडा सुधारतो: कौशल्य महत्त्वाचं आहे, पण कौशल्य वापरायला ब्रेक लागतो.

एक शंका मात्र राहते. महागड्या सायकली मोडत नाहीत का?

डोंगरवेडी

मोडतात. २०१५ मध्ये एका मोठ्या कंपनीने एकट्या अमेरिकेतल्या सुमारे ९ लाख डिस्क ब्रेकच्या सायकली परत बोलावल्या. पुढच्या चाकाची क्विक रिलीज लिव्हर (पान्याशिवाय चाक काढता येतं ती) पूर्ण उघडी राहिली तर डिस्कमध्ये अडकू शकत होती. त्या काही सगळ्या स्वस्त नव्हत्या. तपासायची पद्धत सांगितली होती ती सोपी आहे: लिव्हर पूर्ण उघडा, लिव्हर आणि डिस्क यांच्यामध्ये साधी पेन्सिल गेली पाहिजे. जात नसेल तर लिव्हर बदला. हे सगळ्यांनी आजच करून बघा.

फरक एवढाच की तिथे कंपनीने सायकली परत बोलावल्या. इथे स्टिकर लावून हात झटकलेत. माझा राग स्वस्त सायकलवर नाहीच. कमी पैशात माणसं कामावर जातात, मुलं शाळेत जातात, तिथे ती सायकल चोख आहे. राग त्या जाड टायरवर आणि डोंगराच्या चित्रावर आहे. त्या चित्रावर विश्वास ठेवून @उतारवाट उतारावर गेले.

उतारवाट

ब्रेकचा तो स्क्रू मी कधीच फिरवला नव्हता. असा स्क्रू असतो हेच माहीत नव्हतं. आज भावाला बघायला सांगितलं: मागचा पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलाय. आणि @पाना१५, मागचा एक्सल डुलतोय. म्हणजे पुढचा नंबर त्याचाच होता.

मग ही सायकल सुधारायची की सोडायची?

पाना१५

ट्रेलसाठी सुधारू नका. चांगले ब्रेक लावाल तर चाकं कमी पडतील, चाकं बदलाल तर फोर्क. चांगला फोर्क त्या फ्रेमला बसेलच असं नाही. शेवटी पैसे तेवढेच जातील आणि फ्रेम तीच राहील. एक्सल, पॅड, केबल आवरणासकट बदला आणि रस्त्यावर बिनधास्त वापरा. ट्रेलसाठी वापरलेली पण नीट राखलेली हार्डटेल शोधा, मागे सस्पेन्शन नसलेली. घेताना धातुविचार यांनी सांगितलेले जोड बघा, आणि फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आहेत का ते नखाने बघा.

तोवर मित्रांबरोबर जायचंच असेल तर रुंद कच्चा रस्ता, खडक आले की उतरून ढकलत. लांब उतारावर सतत ब्रेक घासत ठेवू नका. दाबा, वेग पाडा, सोडा. मध्ये थांबा आणि डिस्क गार होऊ द्या. तिला बोट लावू नका, भाजेल.

अंगणवेल

मी या विषयात अगदी नवीन आहे, पण हा धागा वाचून झोप उडाली. मुलगा तेरा वर्षांचा आहे. मोठ्या दुकानातून जोडलेलीच सायकल आणली होती, आणि आता तो मित्रांबरोबर टेकडीवर जायचं म्हणतोय. डिस्क नाही, रबराचे ब्रेक आहेत. मला पाना धरता येत नाही. नुसतं बघून काय कळेल?

पाना१५

ताई, पुष्कळ कळेल. पाना लागणार नाही.

सायकलसमोर उभ्या राहा. पुढचे रबरी ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला, तुमच्याकडे तोंड करून हवेत. ते मागे, फ्रेमकडे असतील तर फोर्क उलटा बसवलाय. हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा होतं. अशा सायकलचं पुढचं चाक पायाजवळ येतं, वळताना पंजा टायरला लागतो आणि जोरात ब्रेक मारला की मूल पुढे फेकलं जाणं सोपं होतं.

मग पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवून बघा. चाक न हलता हँडल फिरलं तर स्टेम सैल आहे. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबा, ग्रिपला टेकता कामा नयेत. दोन्ही क्रँक धरून आतबाहेर हलवा, मग पेडलही तसंच. अजिबात झोल नको. चाकं उचलून फिरवा, ब्रेकच्या रबरांमधून डावीउजवीकडे नाचत असतील तर आउट काढावा लागेल. शेवटी प्रत्येक आरा दोन बोटांनी हलवा, एखादा लुळा लागला तर खडूने खूण करून ठेवा.

डोंगरवेडी

आणि हेल्मेट कपाळावर बसतंय ना, मागे सरकत नाही ना, तेही बघा. मुलाला सोबत घेऊनच हे सगळं करा. त्याला एकदा कळलं की तो स्वतःच बघेल.

अंगणवेल

काल संध्याकाळी दोघांनी मिळून बघितलं. ब्रेक मागच्या बाजूला आहेत. म्हणजे दीड वर्षं तो उलट्या फोर्कवर शाळेत जातोय. मला वाटायचं त्यालाच नीट वळता येत नाही, त्यावरून बोलत आले त्याला. हँडल फिरत नाही, लिव्हर टेकत नाहीत. पण डावं पेडल हलतंय, आणि मागच्या चाकाचे तीन आरे लुळे आहेत, त्याने खुणा केल्यात. टेकडी बंद आहे हे त्यानेच मित्रांना कळवलं.

पेडल घट्ट करायला गेला तर ते आणखी सैल झालं. असं का?

पाना१५

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवलं की घट्ट होतं. पण आता जोर लावू नका. ते सुरुवातीलाच तिरकं बसवलं असेल तर क्रँकमधले आटे गेलेले असतील आणि चालता चालता पेडल निघून येईल. पेडल काढून आतल्या छिद्राचा जवळून फोटो टाका. आटे स्वच्छ दिसले तर ग्रीस लावून परत बसवू, नाहीतर डावा क्रँक बदलावा लागेल. तोवर शाळेतसुद्धा नको.

अंगणवेल

बरं. तो शाळेतून आला की फोटो टाकते. आज चालत गेलाय.